तलाठी, पोस्टमन आणि झुकरबर्ग

सोशल मीडियावर नसलेल्या माणसांबद्दल आपला एक समज असतो. बिचाऱ्यांना फोन नीट वापरता येत नसणार. दिवाळीत नातू आला की शिकवेल, मग येतील हळूहळू फेसबुकवर. मी माझ्या ओळखीतल्या अशा मंडळींची एकदा मनातल्या मनात शिरगणती केली आणि हा समज सोडून दिला. यादीत निघाले ते असे: एक निवृत्त तलाठी, एक निवृत्त पोस्टमन, एक विमा एजंट, एक ज्योतिषी, एक वकील आणि पन्नासेक लग्नं जुळवल्याचा दावा करणारी माझी सख्खी आत्या. म्हणजे दुसऱ्यांची माहिती मिळवणं, सांभाळणं आणि वेळप्रसंगी वापरणं हाच ज्यांचा जन्मभराचा धंदा, नेमके तेच लोक स्वतःची माहिती कुणाला द्यायला तयार नाहीत. आणि ज्यांनी आयुष्यात कुणाचं साधं पोस्टकार्डही चोरून वाचलं नाही, ते भोळे जीव रोज सकाळी पोह्यांच्या डिशसकट हजर.

यांतले तलाठी आमच्याच सोसायटीत राहतात. कराडच्या आजूबाजूच्या गावांत त्यांची सगळी नोकरी झाली. तलाठी निवृत्त झाला तरी लोकांच्या तोंडी 'भाऊसाहेब'च राहतो, तसे हेही भाऊसाहेबच. फोन चांगला भारीतला आहे. त्यावर ते हवामानाचा अंदाज आणि गुळाचे भाव बघतात. फेसबुकचं नाव काढलं की चष्मा कपाळावर नेतात.

"नाव चढवणं सोपं असतंय हो," ते म्हणतात. "कमी करताना जीव जातो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा चढवायला किती वेळ लागतो? आजा कर्ज काढून गेला, बापानं फेडलं, आणि नातू अजून बोजा कमी करायला दाखले गोळा करत हिंडतोय. रोज बघितलंय मी."

मी म्हटलं, फेसबुकवर तसं नाही. खातं काढून टाकायची सोय आहे. विनंती केली की तीस दिवस थांबतात, तेवढ्यात मन बदललं तर परत येता येतं. मग सगळी माहिती पुसायला नव्वद दिवसांपर्यंत लागू शकतात.

"आणि पुसल्याचा दाखला?"

दाखला देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी चष्मा परत नाकावर आणला. त्यांच्या लेखी विषय निकाली निघाला होता.

2018 साली केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा ते पेपर हातात घेऊन माझ्याकडे आले होते. प्रकरण थोडक्यात असं होतं. 'तुमचं व्यक्तिमत्त्व ओळखा' छापाचं एक अ‍ॅप फेसबुकवर होतं. ते घेणाऱ्याची माहिती तर त्यानं उचललीच, शिवाय त्याच्या मित्रयादीतल्या लोकांचीही उचलली, आणि ती सगळी निवडणुकीचा प्रचार करणाऱ्या कंपनीकडे गेली. फेसबुकनंच सांगितलं की जगभरात 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोक यात सापडले असतील. भारतात हे अ‍ॅप फक्त 335 जणांनी घेतलं होतं, पण त्यांच्यापायी आणखी 5,62,120 लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता होती.

भाऊसाहेबांनी 335 या आकड्याखाली निळ्या पेनानं रेघ मारली होती. "म्हणजे तीनशे पस्तीस जणांनी अंगठे उठवले आणि साडेपाच लाख सहहिस्सेदारांची जमीन गेली! नोटीस नाही, जबाब नाही. अहो, साध्या फेरफाराची नोंद धरली तरी आम्ही चावडीवर नोटीस लावून पंधरा दिवस हरकतीची वाट बघतो. यांनी कुणाची हरकत मागवली?"

पुढे 2019 मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगानं फेसबुकला 5 अब्ज डॉलर दंड केला. एवढी मोठी रक्कम ऐकून तरी ते खूश होतील म्हणून मी मुद्दाम वर जाऊन सांगितलं. ते अधिकच कष्टी झाले. "दंड भरून घेतला? म्हणजे अतिक्रमण नियमित करून दिलं."

मी एकदा त्यांना टोचून पाहिलं, की तुमच्याच खात्यानं आमचे सातबारे इंटरनेटवर टाकलेत, कुणीही उठावं आणि बघावं, त्याचं काय? त्यांनी शांतपणे सांगितलं, "ती सरकारी नोंद आहे. त्यात जमीन किती ते असतं. सकाळी उठून काय खाल्लं ते नसतं." मग जरा थांबून म्हणाले, "काय पेरलं, तेवढं असतं."

पोस्टमनकाकांचा अविश्वास वेगळ्या जातीचा आहे. भाऊसाहेबांना नोंदीची भीती, यांना पाकिटाची. त्यांच्या काळी गावात वाचता न येणारी माणसं पुष्कळ, त्यामुळे पत्र पोचवायचं आणि वाचूनही दाखवायचं हा नोकरीचाच भाग होता. कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं की मजकूर न वाचताही कळायचं, कुणीतरी गेलं. "पोस्टकार्ड वाचायचं नसतं," ते म्हणतात, "पण ते दिसतं, त्याला काय करणार?" हे वाक्य त्यांनी इतक्या निरागसपणे म्हटलं की सिलिकॉन व्हॅलीतल्या कुठल्याही कंपनीनं त्यांना ताबडतोब प्रवक्ता नेमावं.

मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपचं समजावून सांगत होतो. तिथे 2016 पासून सगळे निरोप कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा, एवढ्या दोघांनाच मजकूर दिसतो, खुद्द कंपनीलाही दिसत नाही. काका हसले.

"पाकीट बंद असतंय, कबूल. पण पाकीट टाकतो कोण? मीच ना? मजकूर कशाला वाचायला पाहिजे? कुणाच्या घरी मनिऑर्डर दर महिन्याला येते आणि कुणाच्या घरी यायची थांबली, हे मला ठाऊक. कोर्टाचं रजिस्टर कुणाला आलं ते ठाऊक. कॉलेजातल्या पोरीला एकाच अक्षरातलं पाकीट आठवड्याला दोनदा यायला लागलं, तर आत काय लिहिलंय ते फोडून बघायला लागतंय होय?"

मेटाडेटा हा विषय समजावून सांगायला संगणकाच्या प्राध्यापकांना तासभर आणि चाळीस स्लाइड्स लागतात. काकांनी तो जिन्यात उभ्या उभ्या संपवला. कुणी कुणाला निरोप पाठवला, केव्हा, कितीदा, कुठून, या गोष्टी पाकिटाच्या बाहेर असतात. फेसबुकनं 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप घेतलं तेव्हा 19 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला होता. आता, न वाचता येणाऱ्या पाकिटांच्या धंद्यासाठी इतके पैसे कुणी का मोजावेत, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. काकांना पडला. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपनं खासगीपणाचं नवं धोरण आणलं आणि आपल्याकडे एकच हलकल्लोळ झाला. सगळे 'सिग्नल' नावाच्या दुसऱ्या अ‍ॅपवर निघाले. निघताना प्रत्येकानं 'मी व्हॉट्सअ‍ॅप सोडत आहे' असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं आणि त्याला काय काय उत्तरं आली ते बघायला थांबला. अजून थांबलेला आहे.

काकांचा दुसरा आक्षेप शिक्क्याबद्दल. पत्रावर पोस्टाचा शिक्का असतो. कुठून निघालं, कधी निघालं ते दिसतं. फॉरवर्ड होत आलेल्या मजकुराला गाव नसतं. त्यामुळे कुणाच्याही नावावर काहीही खपतं. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले, फेसबुक निघालं 2004 मध्ये. तरीही आजकाल पु. ल. इतकं लिहितात की हयातीत त्यांना एवढी सवड कधी मिळाली नसेल. विषय मैत्री, म्हातारपण, आणि सुना. लिहितातही इतकं वाईट की वाचताना आपल्यालाच त्यांच्या वतीनं लाजल्यासारखं होतं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नेता आलं नाही. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा बिनशिक्क्याच्या मजकुरावर विश्वास ठेवून जमावानं पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणायचं ठरवलं. काका या विषयावर बोलत नाहीत. "टपाल देताना आम्ही माणूस बघून देत होतो," एवढंच एकदा म्हणाले.

आता आत्या. आत्याचं कुठेही खातं नाही, पण आत्याचं सगळ्यांच्या खात्यांवर लक्ष आहे. ती माझा फोन वापरते. म्हणजे तिनं नुसतं "अरे, फोन आण बघू" म्हणायचं, मी आणायचा, आणि चहा होईपर्यंत तिचं काम उरकतं. मुलाच्या बायोडेट्यात 'निर्व्यसनी' लिहिलेलं असतं. आत्या मुलाचं पान बघतच नाही, ते सोवळं असणार हे ती धरूनच चालते. ती मुलाच्या मित्रांची पानं बघते. "हा बघ, एकतीस डिसेंबर. याच्यापुढचा ग्लास कुणाचा?" मी म्हणतो, अगं सरबतही असेल. "सरबताबरोबर चकणा कोण ठेवतं?"

एका स्थळाच्या बाबतीत तर मुलीचं कुठेच काही सापडेना. माझ्या मते ही उत्तम गोष्ट होती. आत्याच्या मते संशयास्पद. दोन दिवस ती त्या घराण्याचे साखरपुडे, बारशी आणि अष्टविनायक यात्रा चाळत होती. शेवटी मुलीच्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणाच्या फोटोत मुलगी मागे उभी सापडली. "वाढतेय," आत्या समाधानानं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका पाठवली.

मग तू का नाही खातं उघडत, असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे, हा कधी शहाणा होणार अशा नजरेनं पाहिलं. "दुसऱ्याच्या घरात रात्रीचं डोकावायचं असेल तर आपल्या घरातला दिवा मालवलेला असावा लागतो रे."

विमा एजंटकाकांचं कारण मात्र शुद्ध धंद्याचं आहे. प्रत्येक पॉलिसीधारकाला वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातला फोन करायचा हा त्यांचा शिरस्ता. लोक भारावून जायचे. 'माझ्या भावाच्या लक्षात नाही, पण यांच्या लक्षात आहे!' प्रपोजल फॉर्मवर जन्मतारीख असते हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. फेसबुकनं ही विद्या फुकटात चव्हाट्यावर आणली. आता त्यांचा फोन जातो तोवर माणसाला सत्तर जणांचे केक आलेले असतात. ते फेसबुकचा उल्लेख 'तो' असा करतात.

ज्योतिषीबुवांचंही तसंच. पंचक्रोशीची जन्मवेळ, जन्मस्थळ आणि गुप्त दुखणी त्यांच्याकडे आहेत. स्वतःची जन्मवेळ मात्र त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. त्यांनी मला एकदा धंद्याचं गुपित सांगितलं, की ज्याचं सगळं चांगलं चाललंय तो परत येत नाही. म्हणून पूर्ण गोड भविष्य कुणाला सांगायचं नसतं, शेवटी थोडा शनी ठेवायचा.

फेसबुकनं हेच मोजून पाहिलेलं आहे हे कळल्यावर बुवांना आपल्या शास्त्राला मान्यता मिळाल्याचा आनंद झाला. 2012 च्या जानेवारीत एक आठवडाभर फेसबुकनं 6,89,003 लोकांच्या पानांवर हात फिरवला. काहींना आनंदाचा मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखाचा. त्यावरून ते स्वतः काय लिहितात त्यात फरक पडतो का ते बघितलं. फरक पडला, अगदी थोडा, पण पडला. शोधनिबंध 2014 मध्ये छापून आला, तोवर त्या लोकांना आपल्यावर प्रयोग झाल्याचं ठाऊकही नव्हतं. बुवांनी एकच शंका विचारली. "दक्षिणा कुणी दिली?" जाहिरातवाल्यांनी, मी म्हटलं. बुवा बराच वेळ गप्प होते. गिऱ्हाईक एक आणि दक्षिणा दुसऱ्याकडून, ही कल्पना त्यांच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणाला सुचली नव्हती.

वकीलसाहेब सोशल मीडियावर नाहीत, पण त्यांची निम्मी प्रॅक्टिस त्यावरच चालते. पोटगीच्या दाव्यात नवरा शपथेवर सांगतो की उत्पन्न नाही, आणि बायको त्याचा नव्या बुलेटवर बसलेला फोटो हजर करते. गाडी मित्राची आहे, हे उत्तर आता इतकं जुनं झालंय की न्यायाधीश ते ऐकतानाच पुढची तारीख बघायला लागतात. शिवाय साहेबांना एक आठवण आहे, ती त्यांना खातं उघडू देत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर काही वाक्यं लिहिली. दुसरीनं ती लाइक केली. अटक दोघींना झाली. "लिहिणारीचं मी समजू शकतो," साहेब म्हणतात, "पण लाइक करणारीचं काय? उद्या सभेत मान डोलावली तरी आत टाकतील." त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. त्यानंतरही देशात ठिकठिकाणी पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, आणि 2021 मध्ये कोर्टावर 'हे चाललंय काय' असं विचारायची वेळ आली. भाऊसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "कर्ज फिटलं होतं. बोजा राहिला होता."

वकीलसाहेबांना मनापासून हसताना मी एकदाच पाहिलंय. 'मी फेसबुकला माझे फोटो वापरण्याची परवानगी देत नाही, रोम करारानुसार हा गुन्हा ठरेल, हा मजकूर कॉपी करून आपल्या पानावर टाका' असली एक नोटीस वर्षानुवर्षं फिरते आहे. दर पावसाळ्यात नव्यानं उगवते. आमच्या सोसायटीतल्या एका मुख्याध्यापकांनीही ती गंभीरपणे टाकली. साहेबांनी सांगितलं की रोमचा तो करार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे, आणि तो वंशसंहार व युद्धगुन्ह्यांबद्दल आहे. मुख्याध्यापकांच्या अंगणातल्या जास्वंदीचा फोटो त्यात कुठल्या कलमाखाली बसवायचा, हे ते दिवसभर शोधत होते.

या सगळ्या मंडळींना मी आजवर संशयी म्हणत आलो. पण त्यांच्या यादीत शेवटी एक नाव घालावं लागतं, आणि ते फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गचं आहे. 2016 च्या जूनमध्ये इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांची संख्या 50 कोटींवर गेली म्हणून त्यानं आनंदानं एक फोटो टाकला. मागे टेबलावर त्याचा लॅपटॉप दिसत होता. त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती. मायक्रोफोनच्या जागीही होती. 2013 मध्ये त्यानं आपल्या घराला लागून असलेली चार घरं तीन कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली, शेजार आपल्याच ताब्यात असावा म्हणून. 2023 च्या जुलैत मुलींबरोबरचा फोटो टाकला तो थोरल्या दोघींचे चेहरे इमोजीनं झाकून. आणि 2012 च्या डिसेंबरात तर त्याच्या सख्ख्या बहिणीनं, जी पूर्वी फेसबुकच्याच मार्केटिंगमध्ये होती, घरच्यांचा एक फोटो फक्त ओळखीच्यांसाठी म्हणून टाकला आणि तो ट्विटरवर जाऊन पोचला. खासगीपणाची ती बटणं तिलाही कळली नव्हती. ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅप बनवून विकलं त्या दोघांपैकी ब्रायन अ‍ॅक्टन 2018 मध्ये उघड म्हणाला, फेसबुक काढून टाका. पैसे घेऊन झाल्यावर म्हणाला हे खरं, पण म्हणाला.

हे सारं ऐकून भाऊसाहेबांना झुकरबर्गबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. "चार बाजूंचे गट घेतले का? हुशार आहे. बांधाचा वादच नको." 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम एकदम सहाएक तास बंद पडलं होतं आणि कंपनीच्या माणसांची ओळखपत्रं चालेनात म्हणून त्यांना स्वतःच्याच इमारतींची दारं उघडेनात, असं तेव्हा छापून आलं होतं. हे कळल्यावर मात्र भाऊसाहेबांचं त्याच्याबद्दलचं मत थोडं उतरलं. "चावडीची किल्ली पेटीत आणि पेटी चावडीत. आमच्या शिपायानं केलं असतं तर मेमो दिला असता."

आता कुठेच नसण्याचे तोटेही असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. भाऊसाहेबांना पाणी केव्हा येणार ते वहिनींच्या फोनवरून कळतं आणि लिफ्ट बंद असल्याचं लिफ्टपाशी गेल्यावर. गेल्या महिन्यात सोसायटीला नवा चेअरमन हवा होता. सेक्रेटरींनी ग्रुपवर नावं मागवली. ज्याचं नाव यायचं तो पाच मिनिटांत गुडघेदुखी, मुलाची बारावी किंवा अमेरिकेचा व्हिसा पुढे करायचा. कुणीतरी भाऊसाहेबांचं नाव घातलं. त्यांचा नकार आला नाही. तो येणार कुठून? रात्री अकराला त्यांची बिनविरोध निवड झाली आणि ती बातमी दूधवाल्यानं त्यांना दिली.

त्यांनी फुलस्केप कागदावर हरकतीचा अर्ज लिहिला, पंधरा दिवसांच्या आत, दोन प्रतींत, आणि सेक्रेटरींच्या दारात उभं राहून पोच घेतली. सेक्रेटरींनी अर्जाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्याला बावीस अंगठे आले. त्या अंगठ्यांचा अर्थ 'अर्ज वाचला' असा, की 'हरकत मान्य' असा, की 'अभिनंदन, चेअरमनसाहेब' असा, यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. वहिनींनी फोन पुढे धरून भाऊसाहेबांना ते अंगठे दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक नीट तपासला.

"निशाणी डाव्या हाताची आहे का उजव्या?" त्यांनी विचारलं. "आणि अंगठा कुणाचा म्हणून ओळख कुणी दिली? साक्षीदाराची सही दिसत नाही कुठं."